लग्नाची पैठणी: हातमागाची कशी ओळखायची?

प्रश्न: बहिणीसाठी येवल्याहून हातमागाची पैठणी घ्यायचीय. काय बघू? किती आधी जाऊ?

उत्तर १: पदर उलटा करा. हातमागावर नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून मोर-मुनिया मागूनही तितकेच स्वच्छ दिसतात. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. सिल्क मार्क फक्त रेशमाची हमी देतो, हातमागाची नाही. लोक फसतात ते इथेच. जरीचा धागा चांदीचा की 'टेस्टेड' (म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा), हे बिलावर लिहून घ्या.

उत्तर २: नऊवारी की सहावारी ते आधी ठरवा, नऊवारीला ८ मीटरच्या वर कापड लागतं. भरजरी पदर विणायला महिने जातात, त्यामुळे ऑर्डर द्यायची तर निदान सहा महिने आधी.

उत्तर ३: फॉल-पिको, ब्लाऊजला पंधरा दिवस वेगळे धरा!