मदत हवी आहे: नदीकाठच्या पंपहाऊसमधला ४जी राऊटर घरून उघडत नाही, विक्रेत्याकडून सपोर्ट कसा मिळवायचा?

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी निपाणी तालुक्यातला. दूधगंगेच्या काठावर आमच्या गावच्या शेतकऱ्यांची पाणीपुरवठा संस्था आहे, तिच्या जॅकवेलवरचं (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवरचं) पॅनेल आणि मोटारी मी बघतो.

संस्थेने सभासदांकडून वर्गणी काढून पॅनेलमध्ये पीएलसी (मोटारीचं नियंत्रण करणारा छोटा संगणक), एनर्जी मीटर आणि सिमकार्डवर चालणारा ४जी राऊटर बसवून घेतला. बोलणं स्पष्ट झालं होतं: मोटार चालू आहे का, किती अँपिअर घेतेय, नदीची पातळी किती, हे गावात बसून मोबाईलवर दिसलं पाहिजे आणि वेळ आली तर मोटार बंद करता आली पाहिजे. कोटेशनमध्ये 'रिमोट ॲक्सेससह' असं लिहिलेलंही आहे.

आता परिस्थिती अशी की पंपहाऊसमध्ये राऊटरच्या वायफायला मोबाईल जोडला की सगळं व्यवस्थित दिसतं. घरी आलं की पान उघडतच नाही. विक्रेता म्हणतो सिमचा प्रॉब्लेम. सिमवाले म्हणतात, नेट चालतंय ना, मग झालं. राऊटर बनवणाऱ्या कंपनीला मेल केला, तर ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याशी बोला असं उत्तर आलं. विक्रेत्याचा माणूस फोन उचलतो, पण 'बघतो, पोर्ट फॉरवर्ड करून देतो' (म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राऊटरमधून आतल्या यंत्राकडे पाठवायची सोय) याच्या पुढे काम जात नाही. राऊटरचा ॲडमिन पासवर्डही त्याच्याकडेच आहे. आम्हाला दिलेल्या लॉगिनमध्ये नुसतं बघता येतं, बदलता काही येत नाही.

हे आमच्यासाठी हौसेचं काम नाही. थ्री फेज पाळीप्रमाणे येते, कधी मध्यरात्री तर कधी पहाटे. ऑपरेटर मामांचं वय झालंय. पावसाळ्यात बॅटरी घेऊन नदीकाठच्या चिखलातून त्यांनी जायचं, आणि तिथे कळायचं की फेज गेलाय, परत फिरा. २०१९ च्या महापुरात आमचं पॅनेल पाण्याखाली गेलं. पातळी घरबसल्या दिसली असती तर वेळेत काढून वर आणता आलं असतं. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय.

विक्रेत्याशी भांडायचं नाही, मोटारींचं काम त्याने चांगलं केलंय. पण त्याच्याकडे नेमकं काय मागायचं, कोणत्या शब्दांत मागायचं, ते सांगा. आणि दोष खरंच सिममध्ये असेल, तर तो ओळखायचा कसा?

पॅनेलवाला उद्यमबाग

आधी एक गोष्ट बघून सांगा. राऊटरच्या स्टेटस पानावर मोबाईल किंवा वॅन नावाखाली जो आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसतो तो कागदावर लिहा. मग त्याच राऊटरच्या वायफायवरून आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर जा आणि तो आकडाही लिहा. दोन्ही एकच आहेत का?

दूधगंगाकाठ

पाहून आलो. राऊटरमध्ये १० ने सुरू होणारा आहे, साइटवर पूर्ण वेगळा. विक्रेत्याला सांगितलं तर म्हणाला, डीडीएनएस टाकला की होईल.

पॅनेलवाला उद्यमबाग

होणार नाही. १० ने सुरू होणारा, १९२.१६८ वाला, किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला, की समजायचं तुम्ही मोबाईल कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात. याला सीजीनॅट म्हणतात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तुमच्या लाईनीवरच्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हसारखं काम आहे: आतून बाहेर जाणारं जातं, बाहेरून आपणहून आत काही येत नाही. पोर्ट फॉरवर्ड तुमच्या राऊटरमध्ये कितीही केलं तरी अडसर त्याच्या पुढे, कंपनीच्या यंत्रणेत आहे. डीडीएनएस फक्त पत्त्याला नाव देतो, आणि इथे पत्ताच तुमचा एकट्याचा नाही.

म्हणजे सिम खराब नाही, सिमचा प्रकार या कामाचा नाही. उपाय दोन. पहिला, बिझनेस खात्यावर स्टॅटिक पब्लिक आयपी असलेलं सिम. त्याला वेगळा एपीएन (सिमला नेटशी जोडणाऱ्या वाटेचं नाव) असतो, तो राऊटरमध्ये भरावा लागतो, आणि महिन्याचा खर्च वाढतो. दुसरा, राऊटरनेच बाहेर जाऊन व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी आपली खाजगी बंद वाट, जोडायचा. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन, आणि मध्ये सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर. जोडणी आतून सुरू होत असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. वायरगार्डमध्ये 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांत गेला की कंपनीकडची वाट बंद होते.

मी तुमच्या जागी असतो तर दुसराच घेतला असता. स्टॅटिक आयपीचं सिम घेऊन पोर्ट उघडे टाकलेली पॅनेलं मी बघितली आहेत. दिवसरात्र कोणीतरी दार वाजवत राहतं आणि डेटाही जातो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, मॉडबसचा (पीएलसी आणि मीटर ज्या भाषेत बोलतात तिचा) ५०२ पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका. मॉडबस १९७९ चा आहे, त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. जो पोचेल तो तुमची मोटार चालू करेल.

जांबोटी रोड

मी स्वतः अशी यंत्रं विकतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. कंपनी, मग वितरक, मग आमच्यासारखा विक्रेता, मग तुम्ही, अशी साखळी असते. बऱ्याच कंपन्या ग्राहकाची तक्रार थेट घेत नाहीत. विक्रेत्याने आधी स्वतः तपासायचं आणि अडलं तर त्याच्या खात्यातून तिकीट उघडायचं, म्हणजे कंपनीकडे तक्रार नोंदवायची, अशी पद्धत आहे. तुम्हाला आलेलं उत्तर उद्धटपणाचं नव्हे, रीतीचं आहे. पण मग तिकीट उघडणं ही विक्रेत्याचीच जबाबदारी ठरते, आणि तेच तुम्ही लेखी मागायचं.

फोनवर 'चालत नाही' म्हटलं की आम्हालाही काही करता येत नाही. मॉडेल, सिरियल नंबर, आयएमईआय, फर्मवेअरची आवृत्ती, कोणत्या कंपनीचं सिम, एपीएन काय भरलाय, ते दोन आयपी आणि सिग्नलचा आकडा, एवढं एका मेलमध्ये गेलं की पुढचा माणूस टाळाटाळ करू शकत नाही. खाली कागदावर काढलेल्या जोडणीचा फोटो लावा: राऊटर, पीएलसी, मीटर, कोणाचा पत्ता काय. राऊटरमधून ट्रबलशूट फाइल (दोष शोधायला लागणाऱ्या नोंदींची) निघते, तीही विक्रेत्याला द्या. पण ती इथे टाकू नका, तिच्यात पासवर्ड आणि चाव्या असू शकतात.

सगळ्यात महत्त्वाचं: राऊटर कोणाच्या नावावर आहे ते विचारा. बऱ्याच कंपन्यांचं स्वतःचं क्लाउड असतं, त्यातून राऊटर दुरून सांभाळता येतो. विक्रेता बहुतेक वेळा सिरियल नंबर स्वतःच्या खात्यात चढवतो. तो तिथून मोकळा केल्याशिवाय तुमच्या खात्यात जोडता येत नाही. उद्या त्याने धंदा बंद केला तर तुमच्या पैशाचं यंत्र त्याच्या खात्यात अडकून पडेल. ॲडमिन पासवर्ड, क्लाउडची मालकी आणि चालू सेटिंगचा बॅकअप, या तिन्ही गोष्टी संस्थेच्या नावावर मागा. मी माझ्या गिऱ्हाइकांना बिलासोबतच देतो. न देण्याचं कारण नाही.

कागल नाका

सीमेवरच्या माणसाचा अनुभव ऐका. आमच्या शेडमधला राऊटर मधूनच मुका व्हायचा. सिम कर्नाटक सर्कलचं (मोबाईल कंपन्यांच्या कर्नाटक विभागाचं), आणि नदीपलीकडचा महाराष्ट्र सर्कलचा टॉवर जास्त जवळ. राऊटरने तो धरला की सिम रोमिंगवर जातं. आपल्या फोनला काही फरक पडत नाही, पण राऊटरमध्ये 'डेटा रोमिंग बंद' असं सेटिंग असलं की डेटा तिथेच थांबतो. ते सेटिंग बघा. डेटा रोमिंग बंद असेल तर चालू करा, नाहीतर आपल्याच सर्कलचं नेटवर्क कायम करून ठेवा. नदीकाठी दोन्हीकडचे टॉवर लागतात, त्यामुळे तुमच्याकडेही हे निघेल असं वाटतं.

अँटेना पत्र्याच्या पॅनेलच्या आत असेल तर आधी बाहेर काढा, उंचावर लावा. अँटेनाची दोन सॉकेटं असतील तर दोन्ही वापरा. आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या जोराचा आकडा, उणे ९० च्या आसपास असेल तर छान. उणे ११० च्या खाली गेला की व्हीपीएन तुटत राहणार.

दूधगंगाकाठ

मंडळी, मनापासून आभार. कोणी इतकं समजावून सांगितलं नव्हतं. विक्रेत्याला पाठवायच्या मेलचा मसुदा असा केलाय:

'आपल्या कोटेशनमध्ये रिमोट ॲक्सेसचा समावेश आहे. राऊटरचा मोबाईल आयपी खाजगी असल्याने पोर्ट फॉरवर्ड किंवा डीडीएनएसने हे काम होत नाही, आकडे सोबत जोडले आहेत. कृपया राऊटरवर व्हीपीएन बसवून गावातून जोडणी दाखवावी. आपल्याकडून न झाल्यास कंपनीकडे तिकीट उघडून त्याचा क्रमांक कळवावा. ॲडमिन पासवर्ड, क्लाउडची मालकी व सेटिंगचा बॅकअप संस्थेच्या नावे द्यावा.'

चेअरमनसाहेबांच्या सहीने, संस्थेच्या लेटरहेडवर जाईल. काही राहिलंय का?

जांबोटी रोड

चांगलाय. त्यात तारीख घाला, कधीपर्यंत. आणि व्हीपीएनच्या सर्व्हरचा वर्षाचा खर्च कोणी करायचा ते आत्ताच लिहून घ्या. वाद नेहमी तिथेच होतो. तो खर्च कोटेशनमध्ये नसेल तर संस्थेने द्यावा. विक्रेत्यालाही परवडलं पाहिजे, तरच तो पुढच्या वर्षी फोन उचलेल.

पॅनेलवाला उद्यमबाग

जोडणी झाल्यावर दोन ठिकाणी अडकाल. राऊटर घरून उघडेल पण पीएलसी उत्तर देणार नाही. तेव्हा पीएलसीच्या सेटिंगमध्ये गेटवे म्हणून राऊटरचाच पत्ता आहे का बघा. तो रिकामा असला तर पीएलसीला उत्तर कुठे पाठवायचं तेच कळत नाही. दुसरं, घरच्या वायफायचे आणि पंपहाऊसचे पत्ते दोन्ही १९२.१६८.१ चे असतील तर गोंधळ होतो. पंपहाऊसचे बदलून घ्या, विक्रेता येईल तेव्हाच.

राऊटरला छोटी बॅटरी द्या. लाईट गेल्यावर राऊटरही गेला तर फेज गेल्याची खबर कोण देणार?

आणि मोटार दुरून चालू करण्याची सोय मात्र लगेच घेऊ नका, आधी बघणं आणि बंद करणं एवढंच ठेवा. चालू करायचीच झाली तर पॅनेलवर लोकल-रिमोट स्विच हवा, आणि तो लोकलवर असताना बाहेरून काहीही चालता कामा नये. मामांचा हात मोटार-पंपाच्या कपलिंगवर असेल आणि गावातून कोणी बटण दाबेल, असं होऊ देऊ नका.

दूधगंगाकाठ

स्विच आहे, पण त्याची वायर पीएलसीला फक्त माहिती देते, मोटारीला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरची लाईन तोडत नाही. ते आधी बदलून घेतो. मेल आज जातोय. सिग्नलचे आकडे आणि रोमिंगचं सेटिंग बघून इथेच टाकतो. कागल नाका दादा, तुमच्याकडे नेटवर्क कायम करताना ऑटो ऐवजी मॅन्युअल ठेवून ऑपरेटरचा कोड भरला होता का? आमच्या लॉगिनमध्ये तो रकाना दिसतोय, पण करडा आहे.

कागल नाका

हो, कोडच भरला. करडा आहे म्हणजे बघण्यापुरतं लॉगिन. पासवर्ड मिळाला की उघडेल.