मदत हवी आहे : चालू प्रक्रियेने (चालत असलेल्या प्रोग्रामने) धरून ठेवलेली सॉकेटे (संवादासाठी उघडलेली जोडणीची टोके) कोणी उघडली, हे कसे शोधावे?

नमस्कार. नागपुरात सीताबर्डीवरील आमच्या कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवर, कर्नल (प्रणालीचा गाभा) ५.१५, बिलांचा एक प्रोग्राम अखंड चालतो. दर दोन-तीन दिवसांनी तो 'टू मेनी ओपन फाइल्स' अशी त्रुटी देऊन नव्या जोडण्या नाकारू लागतो आणि काउंटरवर ग्राहक खोळंबतात. एका प्रक्रियेने एकाच वेळी उघड्या ठेवायच्या फाइलींची मर्यादा (सॉकेटेही त्यातच मोजली जातात) १०२४ होती. ती 'पीआरलिमिट' ही आज्ञा वापरून चालू प्रक्रियेवरच ४०९६ केली, पण त्याने थोडा अवधी मिळाला, गळती, म्हणजे उघडलेले बंद न होता साचत जाणे, थांबली नाही.

रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून 'प्रॉक'मधील, म्हणजे कर्नल प्रक्रियांची माहिती दाखवते त्या जागेतील, त्या प्रक्रियेची 'एफडी' ही उघड्या फाइलींची डिरेक्टरी पाहिली. ०, १, २ (नेहमीचे इनपुट, आउटपुट व त्रुटी) आणि लॉगची (नोंदींची) फाइल सोडल्यास बाकीचे जवळजवळ सगळे दुवे 'सॉकेट' हा शब्द आणि त्यापुढे आयनोड क्रमांक (कर्नलने दिलेला ओळख-क्रमांक) एवढेच दाखवतात. हे क्रमांक 'प्रॉक-नेट'मधील टीसीपी, यूडीपी किंवा युनिक्स या प्रकारच्या सॉकेटांच्या एकाही यादीत सापडत नाहीत, आणि 'एलएसओएफ' हे उघड्या फाइली दाखवणारे साधन त्यांच्यापुढे 'कान्ट आयडेंटिफाय प्रोटोकॉल' (प्रोटोकॉल ओळखता येत नाही) असे लिहिते. कंटेनर किंवा वेगळी नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा, ज्यातली सॉकेटे या याद्यांत दिसत नाहीत) नाही, त्यामुळे ते कारण मी वगळले आहे. सॉकेट तयार होऊन पुढे कधी जोडलेच जात नसावे, किंवा जोडणी संपल्यावरही बंद केले जात नसावे, असा माझा कयास आहे.

'एसट्रेस' (प्रोग्रामने कर्नलला केलेली प्रत्येक विनंती नोंदवणारे साधन) जोडल्यावर प्रोग्राम इतका मंदावतो की दिवसा ते शक्य नाही, आणि ते आधीच उघडलेल्या सॉकेटांबद्दल काहीच सांगत नाही. प्रोग्राम रात्रीच बंद करता येतो. त्यातील एका लायब्ररीचा सोर्स कोड आमच्याकडे नाही.

नवे सॉकेट उघडणाऱ्या फंक्शनची कॉल-साखळी (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले तो क्रम) 'बीपीएफट्रेस' या कर्नलमधूनच माग काढणाऱ्या साधनाने, फारसा भार न टाकता, कशी नोंदवावी, आणि आधीच उघडलेल्या सॉकेटांचा उगम प्रक्रिया न थांबवता कळण्याचा काही मार्ग आहे का?