तो बम्बलबी नव्हे, आपला भुंगाच

एकाने लिहिलंय की जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे शेवग्यावर बम्बलबी, म्हणजे जाडजूड केसाळ मधमाशी, दिसली. फोटो नसला तरी सांगतो, तो आपला काळा भुंगा असणार. बम्बलबी थंड मुलखातली. अंगभर दाट लव, गारठ्यात उडण्याआधी छातीचे स्नायू थरथरवून अंग ३० अंशांच्या आसपास तापवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिथे ती गोधडी पांघरून कशी जगणार? भारतात ती हिमालयात आणि ईशान्येकडेच.

खूण सोपी आहे. भुंग्याचं पोट वरून तुळतुळीत, चकाकतं, बम्बलबीचं केसाळ. शिवाय भुंगा लाकूड पोखरतो. आमच्या जुन्या धाब्याच्या घराच्या लाकडाला बोटभर गोल भोक आहे, खाली ओट्यावर रोज भुशाची ढिगुली. मी बुजवायला निघालो तर आजी म्हणाली, राहू दे, तुरीच्या फुलावर तोच येतो.