सोलापुरातल्या गाडीची रिमोट चावी: नवा संच घ्यावा की दुरुस्ती करावी?

प्रेषक: आसरा चौक (सध्या मिशिगन)
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सर्वांस सप्रेम नमस्कार.

सोलापूरशी ज्यांचे येणे-जाणे आहे, त्यांच्याकडून थोडे मार्गदर्शन हवे आहे. जुळे सोलापुरात माझे आई-बाबा दोघेच राहतात. त्यांच्या हॅचबॅक गाडीची, पाते आत मिटणारी रिमोट चावी अलीकडे फार त्रास देऊ लागली आहे. कुलूप लावण्याचे बटण अंगठा रोवून दाबले तरच चालते आणि उघडण्याचे बटण कधी चालते, कधी मुळीच नाही. गाडी मात्र सेल्फ मारताच सुरू होते. बाबांनी घराजवळच्या दुकानातून सेल बदलून घेतला. त्यानंतर थोडे बरे वाटले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शोरूममध्ये चावी उघडूनही न पाहता "पूर्ण संचच नवा घ्यावा लागेल" असे सांगण्यात आले आणि त्यासाठी पाच आकडी रक्कम सांगितली गेली. पैशांपेक्षा मला काळजी आहे ती बाबांची. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, नवी पेठेत गाडीच्या दाराशी बटणे दाबत उभे राहण्याचे त्यांचे वय नाही. दुसरी चावी इकडे माझ्याकडे असते, त्यामुळे ती वापरून पाहण्याची सोय त्यांना नाही. इथून रिमोट विकत घेऊन पाठवता येईल का, की तिकडेच काही मार्ग निघेल?

आपला,
आसरा चौककर

---

प्रेषक: सात रस्ता (पूर्वी शिकागो, आता पुन्हा सोलापूर)
विषय: उत्तर

प्रिय आसरा चौककर, सप्रेम नमस्कार.

दोन चाव्यांपैकी एक सातासमुद्रापलीकडे नेऊन ठेवण्याची रीत आपल्या मंडळात बरीच रूढ दिसते, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही. तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य "गाडी सेल्फ मारताच सुरू होते" हे आहे, आणि शोरूममध्ये नेमके त्याकडेच दुर्लक्ष झालेले दिसते.

या चावीत एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या दोन यंत्रणा एका कव्हरात बसवलेल्या असतात. पहिली म्हणजे दारे उघडणारा-लावणारा छोटा रेडिओ, जो सेलवर चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो. दुसरी म्हणजे इमोबिलायझरची चिप. हिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक कॉइल असते, ती १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चुंबकीय क्षेत्र निर्माण करून चिपला तेवढ्यापुरती ऊर्जा पुरवते, चिप आपली ओळख पटवते आणि मगच इंजिन सुरू होऊ दिले जाते. तुमच्या बाबांची गाडी विनातक्रार सुरू होते, याचा अर्थ चिप, कॉइल, पाते आणि गाडीतले इमोबिलायझर हे सारे ठणठणीत आहे. बिघाड फक्त पहिल्या भागात आहे. त्यासाठी संपूर्ण संच बदलणे म्हणजे दाराची कडी ढिली झाली म्हणून वाडा पाडण्यासारखे आहे.

आता "अंगठा रोवून दाबले तर चालते" या लक्षणाकडे येतो. सेल उतरत चालला असेल, तर पल्ला हळूहळू कमी होतो. आधी रस्त्यापलीकडून चालणारी चावी मग गाडीजवळ गेल्यावरच चालते, पण जोर लावल्याने त्यात फरक पडत नाही. जोर लावल्याने फरक पडतो, तेव्हा दोष कुठेतरी स्पर्शात असतो. एक तर सेल नीट बसलेला नसतो, नाहीतर बटणाखालचा स्विच झिजलेला किंवा त्याचा सोल्डरचा टाका सुटलेला असतो.

प्रथम सेल पाहावा. चावीच्या कडेला एक खाच असते, तीत जुने नाणे घालून हलकेच फिरवले की कव्हराचे दोन भाग सुटतात. सेलवरचा आकडा वाचून बाबांनी तुम्हाला कळवावा, किंवा फोटोच पाठवावा. या आकड्याला अर्थ आहे. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, सीआर २०२५ चा व्यास तोच, पण जाडी २.५. दोन्ही तीन व्होल्टचेच असल्यामुळे २०३२ संपलेला असला की दुकानदार "चालतंय ओ, बसवा" म्हणून बिनधास्त २०२५ देतो. तो चालतोही, पण ०.७ मिलिमीटरची फट राहते आणि सेलला वीजजोड देणारी धातूची पट्टी त्याला जेमतेम टेकते. मग चावी खिशात हलली की स्पर्श सुटतो आणि बटण दाबताना सगळे कव्हर दाबले गेले की पुन्हा जुळतो. कोणता सेल हवा, हे बहुधा कव्हराच्या आतल्या बाजूस कोरलेले असते. ते नसेल तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत सापडेल. मल्टिमीटरवर नव्या सेलचा दाब तीन व्होल्ट किंवा किंचित अधिक दिसतो, परंतु नुसता दाब पाहून सेलला पास करू नये. जुना सेल मोकळा असताना चांगला आकडा दाखवतो आणि बटण दाबल्यावर विजेची मागणी होताच बसतो.

पट्टीवर हिरवट किंवा पांढरट थर असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने ती पुसावी. पट्टी सपाट झाली असेल, तर लाकडी काडीने अगदी केसभर वर उचलावी. घरात सुट्टीला नातवंडे येणार असतील, तर जुना सेल टेबलावर राहता कामा नये. गिळला गेला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका जरी आली, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सेलने भागले नाही, तर स्विच. बटणाचे रबर आपल्याला दिसते, पण त्याखाली सर्किटवर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा स्विच असतो आणि त्याचे पाय टाक्यांनी बसवलेले असतात. चावी पडून पडून त्या टाक्यांना केसासारखी चीर जाते. हे काम गाडीच्या गॅरेजपेक्षा नवी पेठेत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना अधिक चांगले जमते, कारण भिंगाखाली बारीक टाके मारण्याचा त्यांचा हात रोजचा असतो. मेकॅनिक चौकातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाण्याची वेळ येईल ती दोष गाडीतच निघाला तर. पण एक बटण जोरावर चालते आणि दुसरे लहरीवर, हे पाहता गाडीतल्या रिसीव्हरवर मी संशय घेणार नाही.

एक गोष्ट मात्र बाबांना आवर्जून सांगावी. रबर फाटलेले दिसले की दुकानदार "कव्हरच बदलू" असे सुचवतो आणि ते स्वस्तही पडते. परंतु अनेक चाव्यांत ती इमोबिलायझरची चिप सर्किटवर नसते, कव्हराच्या एका कोपऱ्यात, पात्याच्या बिजागरीजवळ, स्वतंत्र खोबणीत बसवलेली असते. ती कधी काळ्या चौकोनी तुकड्यासारखी, तर कधी काचेच्या बारीक नळीसारखी दिसते आणि प्लॅस्टिकचाच भाग वाटते. सर्किट नव्या कव्हरात गेले आणि चिप जुन्या कव्हराबरोबर कचऱ्यात गेली, की दारे झकास उघडतात, सेल्फही फिरतो, पण इंजिन धरत नाही. तेव्हा जुने कव्हर, रिकामे वाटले तरी, दुकानात सोडू नये. गाडी दुकानासमोरच सुरू करून पाहावी.

आपला,
सात रस्तेकर

---

प्रेषक: विजापूर रोड (ह्यूस्टन)
विषय: उत्तर

नमस्कार मंडळी.

काकांचे विवेचन पटले, तरी दोन शंका आहेत. आमच्याकडे असे रिमोट ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतात आणि काही गाड्यांत घरच्या घरी जोडताही येतात. मग इथून पाठवण्यास काय हरकत आहे? शिवाय टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून दिसतो, तशीच चावी तपासली तर ती उघडण्याचीही गरज पडणार नाही, असे वाटते. आणखी एक विचारतो: दुसरी चावी वर्षभर गाडीपासून दूर राहिली, तर गाडी तिला ओळखायचे सोडून देते, असे मी ऐकले होते. ते खरे आहे का?

विजापूर रोडकर

---

प्रेषक: सात रस्ता
विषय: उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या गाड्यांचे रिमोट मोठ्या प्रमाणावर ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याकडचे ४३३.९२ वर. कव्हर, बटणे, कंपनीचे चिन्ह, सगळे हुबेहूब असले तरी सोलापुरातली गाडी त्या लहरी ऐकतच नाही आणि कितीही प्रोग्रॅमिंग केले तरी ऐकणार नाही. योग्य लहरींचा रिमोट मिळाला, तरी आतली चिप त्या गाडीच्या जातीची लागते. म्हणून तिकडून खरेदी करण्याचा विचार सोडावा.

कॅमेऱ्याची युक्ती टीव्हीला लागू पडते, कारण त्याचा रिमोट अवरक्त प्रकाश टाकतो. बहुतेक गाड्यांची चावी रेडिओलहरी पाठवते, त्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. चावीवरचा लाल दिवा लुकलुकला तर सेल आणि स्विच जागे आहेत एवढेच कळते, संदेश बाहेर पडला की नाही ते नाही.

तिसऱ्या शंकेत थोडे तथ्य आहे, पण दोष काळाचा नाही. नुसत्या ठेवलेल्या चावीला गाडी विसरत नाही. दर वेळी बटण दाबल्यावर चावी नवा सांकेतिक क्रमांक पाठवते, जेणेकरून कोणी आधीचा संदेश टिपून ठेवला तरी त्याचा उपयोग होऊ नये. गाडीपासून दूर असताना बटणे दाबली गेली, तर चावी पुढे जाते आणि गाडी मागे राहते. कीलॉक या गाजलेल्या पद्धतीत रिसीव्हर पुढचे १६ क्रमांक सहज स्वीकारतो. त्याहून अधिक अंतर पडले, तर लागोपाठचे दोन संदेश ऐकून पुन्हा जुळवून घेतो. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी, पण तत्त्व हेच. म्हणून कपाटातली चावी मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. तरीही अंतर पडलेच, तर बऱ्याच गाड्यांत चावी इग्निशनमध्ये फिरवून बटण दाबले की जुळणी होते. नेमकी कृती माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

आसरा चौककरांनी दुसरी चावी कोणाबरोबर तरी सोलापूरला धाडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच चालू चावी असणे आणि ती हरवणे हा खरा पाच आकड्यांचा खर्च आहे. प्रवासात सुटे लिथियम सेल द्यायचे असतील, तर ते हातातल्या सामानात ठेवावेत. चेक-इन बॅगेत ते चालत नाहीत.

सात रस्तेकर

---

प्रेषक: आसरा चौक
विषय: उत्तर

काकांस सविनय नमस्कार, आणि विजापूर रोडकरांचेही आभार.

बाबांनी चावी उघडून फोटो पाठवला. कव्हराच्या आत २०३२ कोरलेले होते आणि बसवलेला सेल २०२५ होता. शिवाय तो जागेवर हलू नये म्हणून दुकानदाराने खाली कागदाची घडी घातली होती. योग्य सेल बसवून पट्टी पुसल्यावर उघडण्याचे बटण एकदम ताळ्यावर आले आणि आमच्या घराच्या गच्चीवरूनही चालू लागले. कुलपाचे बटण मात्र तसेच हट्टी राहिले, तेव्हा बाबा नवी पेठेतल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्या मुलाने भिंगाखाली पाहून स्विचच्या एका पायाची चीर बाबांनाही दाखवली आणि पुन्हा टाका मारून दिला. शोरूमने सांगितलेल्या रकमेपुढे त्याची मजुरी उल्लेख करण्यासारखीही नाही.

रबर एका कडेला फाटले आहे, म्हणून त्यानेही कव्हर बदलण्याचे सुचवलेच. बाबांनी चिप कुठे आहे ते आधी दाखव असे सांगितल्यावर ती बिजागरीजवळच्या खोबणीत सापडली. मग दोघांनी मिळून कव्हर न बदलण्याचे ठरवले आणि बाबांनी गाडी दुकानासमोरच सुरू करून पाहिली. दुसरी चावी पुढच्या महिन्यात सोलापूरला निघालेल्या आमच्या आत्याबरोबर पाठवतो आहे.

आसरा चौककर