गावाचे रोजचे जगणे छायाचित्रांत कसे उतरवावे?

भोगावतीकाठ:
नमस्कार. करवीर तालुक्यातील माझ्या गावाची छायाचित्रे मी दोन वर्षे काढत आहे. बेंदराची मिरवणूक, जत्रेतल्या कुस्त्या, गुऱ्हाळावरची वाफाळती काहील ही चित्रे चांगली उतरली. पण सारी एकत्र मांडली की गावात बारा महिने सणच चालू असावा, असे वाटते. पहाटे दूध संस्थेसमोर किटल्या घेऊन थांबलेल्या बायकांकडे किंवा गिरणीत दळणासाठी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे कॅमेरा वळवला, की माणसे ताठ होतात. जेम्स रॅव्हिलियस यांनी इंग्लंडच्या उत्तर डेव्हनमधील खेड्यांची काढलेली कृष्णधवल छायाचित्रे अलीकडे पाहिली. त्यांत हा ताठरपणा नाही. तो कसा टाळावा, आणि मीही कृष्णधवलच काढावे का?

मंगळवार पेठ:
आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर रॅव्हिलियस यांनी दिलेल्या वेळात आहे. बीफर्ड या खेड्यातील कला केंद्राने 1972 मध्ये त्यांच्याकडे हे काम सोपवले आणि ते त्यांनी सुमारे 17 वर्षे केले. त्यातून 70,000 हून अधिक निगेटिव्ह जमा झाल्या. ते त्याच भागात राहत होते, त्यामुळे मेंढ्यांना चारा घालणाऱ्या शेजाऱ्याला त्यांच्या कॅमेऱ्याचे अप्रूप उरले नसावे. दोन वर्षे म्हणजे आपली अजून ओळखच चालू आहे. त्यांनी आणखी एक काम केले, आणि मला ते तितकेच मोलाचे वाटते: लोकांच्या घरांतील जुने फोटो मागून त्यांच्या प्रती करून घेतल्या. आपणही सोप्यात टांगलेल्या फोटोंपासून सुरुवात करावी. फोटोतले कोण, कुठल्या साली, कुणाच्या लग्नात, हे सांगता सांगता घरातली माणसे आपोआप सैल होतात.

चुलवाण:
तांत्रिक बाजूबद्दल लिहितो. रॅव्हिलियस लायका कॅमेऱ्याला लेप नसलेली जुनी भिंगे लावत आणि पुष्कळदा प्रकाशाच्या दिशेने तोंड करून फोटो घेत. अशा भिंगांत प्रकाश थोडा पसरतो, त्यामुळे गडद भाग ठार काळे न होता त्यांतला तपशील टिकतो. आपल्या गुऱ्हाळात आत अंधार आणि दाराबाहेर रणरणते ऊन असते, म्हणून ही अडचण आपल्यालाही येते. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र उजळ भाग एकदा पांढरा पडला की परत मिळत नाही. तेव्हा प्रकाशाचे मापन उजळ भागावर ठेवावे, रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी आणि सावल्या नंतर संगणकावर उजळाव्यात.

कृष्णधवलबद्दल माझे मत वेगळे आहे. गूळ करणारा गुळव्या पाकाचा रंग पाहून आणि पाण्यात टाकलेली गोळी बोटांनी दाबून काहील कधी उतरवायची ते ठरवतो. तिथला रंग काढून टाकला तर ज्यावर त्याचे कसब चालते तेच चित्रातून नाहीसे होते. गुऱ्हाळ तरी रंगीत काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पन्हाळा रस्ता:
कॅमेऱ्याचा विसर पडलाच पाहिजे, हे मला पटत नाही. छायाचित्रकार क्रिस किलिप यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील स्किनिंग्रोव्ह या मच्छीमार खेड्यात मोठा प्लेट कॅमेरा वापरला. तो कुणापासून लपण्यासारखा नव्हता आणि गावही परक्यांना सहज जवळ करणारे नव्हते. तरीही वारंवार जाऊन त्यांनी तिथली माणसे टिपली. पदर सावरून उभी राहिलेली बाई स्वतःला कसे दाखवू इच्छिते, हेही त्या चित्रात नोंदले जाते, म्हणून ती चित्रे वगळू नयेत.

सणांचीही टाकू नयेत. छायाचित्रकार सर बेंजामिन स्टोन यांनी 1897 मध्ये इंग्लंडमध्ये छायाचित्रांची राष्ट्रीय नोंद ठेवणारी संस्था उभारली. त्यांनी ॲबट्स ब्रॉम्ली या गावच्या पारंपरिक नृत्यात शिंगे घेऊन नाचणाऱ्यांनाही कॅमेऱ्यासमोर उभे केले होते आणि त्या संस्थेच्या प्रती ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवल्या गेल्या. मात्र बेंदराच्या आदल्या दिवशी बैल धुणारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच बैलांना शेतावर नेणारा माणूस आपल्याकडे हवा. प्रत्येक फोटोमागे तारीख आणि जागा लिहावी, नाव संमतीनेच लिहावे आणि एक प्रत त्या घरी पोहोचवावी.

भोगावतीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल चुलत आजोबांकडे गेलो होतो. त्यांच्या सोप्यात बैलांच्या चरकाशेजारी उभ्या असलेल्या चार माणसांचा फोटो निघाला. तिघांची नावे त्यांनी सांगितली, चौथ्यासाठी मला वरच्या आळीतल्या एका आजींकडे पाठवले आहे. रविवारी त्यांच्याकडे जातो, कॅमेरा घरी ठेवून.