उ: स्पेशल ऑलिम्पिक्स - पदक सगळ्यांनाच?

"सगळ्यांनाच पदक देतात, मग स्पर्धा कसली?" असं वर कुणीतरी लिहिलंय. तसं नाहीये हो. आधी प्राथमिक फेरी घेतात आणि वय, लिंग व त्या फेरीतली कामगिरी बघून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. पदकं पहिल्या तिघांनाच, बाकीच्यांना रिबन. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू पळून सोप्या गटात शिरायचं म्हटलं, तर बाद करायचीही सोय आहे!

आणि हे पॅरालिम्पिक नव्हे, ती गल्लत नेहमी होते. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ साली शिकागोत सुरू झालेली ही चळवळ खास बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहे. वयाची आठ वर्षं पूर्ण झाली की स्पर्धेत उतरता येतं, वरची मर्यादा नाही.

माझा मावसभाऊ एकोणतिसाव्या वर्षी बोची खेळायला लागला. लहान चेंडूच्या जवळात जवळ आपला चेंडू नेऊन ठेवायचा, आपल्या गोट्यांसारखंच. टाकण्याआधी दर वेळी चेंडू शर्टाला पुसणार, मगच टाकणार. पहिल्या स्पर्धेत चौथा आला, तर घरी येईपर्यंत अवाक्षर नाही. रिबन मावशीच्या हातात कोंबली आणि जेवायला बसला. हरल्याचं त्याला इतकं लागताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

@धागाकर्ती: मुलाला डाउन सिंड्रोम आहे म्हणालात, तर मैदानात उतरवण्याआधी मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. कोलांटउड्या, सूर मारणं वगैरे त्याशिवाय नको.