प्रतिसाद: जागा संपत आलेली दफनभूमी

'दफनभूमीच्या व्यवस्थापकाला काम काय, नोंदवही सांभाळायची', असं वर कुणीतरी लिहिलंय. ते पटलं नाही. मुंबईतल्या बऱ्याच ख्रिस्ती दफनभूमींत कबर कायमची मिळत नाही. दीड-दोन वर्षांनी ती उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. कबर उघडायची वेळ आली की घरच्यांना ते सांगायचं कुणी? व्यवस्थापकानेच. त्यात नायलॉनचे कपडे आणि पॉलिश केलेली जाड पेटी असली की मुदत उलटूनही माती आपलं काम पुरं करत नाही. म्हणून वसई-मुंबईकडे पेटीशिवाय, सुती कापडात दफन करण्याचा आग्रह धरला जातोय, आणि तो मला मनापासून योग्य वाटतो.

दहनाचं म्हणाल, तर कॅथलिकांना त्याची मुभा १९६३ पासून आहे. मात्र व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखुरायची नाही आणि सर्वसाधारणपणे घरीही ठेवायची नाही, ती पवित्र जागीच हवी. म्हणजे दहन केलं तरी कोनाडा लागणारच! नवी दफनभूमी मागताना आपण एकरांचाच हिशेब करतो. त्याच अर्जात कोनाड्यांच्या भिंतीही मागायला हव्यात.